तोंडचं पाणी

"तू थुंकू नकोस. तू नुसतं बघ."

सर असं म्हणाले तेव्हा परीक्षानळी माझ्या ओठांना लागलेली होती. तोंडात लाळ जमा केलेली. सगळा वर्ग बघत होता. ती लाळ मला थुंकता येईना आणि गिळताही येईना. गाल फुगवून तशीच उभी राहिले.

अमरावतीचं कॉलेज. बी.एस्सी.चं वर्ष. प्रयोग अगदी साधा होता. पिठाचं पातळ पाणी नळीत घ्यायचं, त्यात लाळ घालायची. लाळेत एन्झाइम नावाचं द्रव्य असतं, ते पिठाची साखर करतं. आयोडिनचा थेंब टाकला की नुसतं पीठ निळंशार होतं. लाळेनं आपलं काम केलं असलं तर निळं होत नाही. बस, एवढंच. एका टेबलावर चौघं, आणि चौघांत मिळून एकाची लाळ. आमच्या टेबलावर चिठ्ठ्या टाकल्या होत्या. चिठ्ठी माझी निघाली.

शेजारी कुमुद होती. अमरावतीच्याच एका वकिलाची मुलगी. माझ्या हातातली नळी तिनं घ्यायची होती. तिनं हात पदराखाली घेतला आणि सरांकडे पाहिलं. बोलायची गरजच पडली नाही.

सर कधी आवाज चढवत नसत. पुण्याकडून आलेले, मऊ बोलणारे. कुमुदला म्हणाले, "तू तुझी लाळ घे." मग माझ्याकडे वळून तेवढ्याच मऊपणे म्हणाले, "तुझी थुंकी बेसिनमध्ये टाक. आणि ती नळी कचऱ्यात टाक."

तिची ती लाळ. माझी ती थुंकी.

मी बेसिनपाशी गेले. थुंकले. वर पाणी सोडलं, पुन्हा सोडलं, उगाचच सोडत राहिले. नळी कचऱ्याच्या डब्यात टाकली. मागे कोणी हसलं नाही. सगळ्यांना ते बरोबरच वाटलं होतं.

मला राग आला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला भीती वाटली. नुसती भीती. प्रॅक्टिकलचे मार्क सरांच्या हातात होते. नापास झालं की सरकारची सवलत बंद. सवलत बंद की कॉलेज बंद. मग अकोला. माय अकोल्याला जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होती, कापसाच्या ढिगात. रुई तिच्या नाकातोंडात जायची आणि ती रात्रंदिवस खोकायची. आमच्या वस्तीतून कॉलेजात गेलेली मी पहिली पोर. नापास झाले की माझी जागा मायच्या शेजारी त्या ढिगात होती. हे मला माहीत होतं, सरांनाही माहीत होतं.

एरवीही मी भीतच असायची. आमच्या वऱ्हाडात बाया "मी येतो, मी जातो" म्हणतात. कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी सरांना म्हणाले, "मी आत येतो, सर." वर्ग खिदळला. सर म्हणाले, "येतो की येते, ते एकदा ठरव." तेव्हापासून तोंड उघडायच्या आधी मी वाक्य मनातल्या मनात घोकून पाहायची. घोकून होईपर्यंत बोलायची वेळ निघून गेलेली असायची. शिक्षकांना वाटायचं, पोरगी शांत आहे. शांत कसली! भेदरलेली होते.

त्या प्रयोगानंतर थोड्याच दिवसांनी सरांनी मला खोलीत बोलावलं. वाटलं, आता काय चुकलं?

"मी जात मानत नाही," सर म्हणाले. "पण शास्त्राला फरक मोजावा लागतो. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वरणभात. तुमच्या लोकांचा आहार वेगळा. काय काय खाल्लंत तुम्ही, तुलाच माहीत. तेव्हा तुमच्या लाळेतलं एन्झाइम कमी प्रतीचं असणार. हे अजून कोणी दाखवलेलं नाही. मी दाखवणार आहे."

डॉक्टरेटसाठी त्यांचं संशोधन चाललं होतं, ते हे. शोधायच्या आधीच त्यांना सापडलेलं होतं.

त्यांनी एक पिशवी पुढे केली. आत रबरी बुचाच्या चिमुकल्या बाटल्या. लाळ नासू नये म्हणून प्रत्येकीत औषधाचे थेंब. "सुट्टीत घरी जाशील तेव्हा तुझ्या वस्तीतल्या माणसांची लाळ घेऊन ये. मग प्रॅक्टिकलची काळजी करू नकोस." त्यातला 'मग' त्यांनी जरा सावकाश म्हटला.

जी थुंकी बेसिनमध्ये टाकायची होती ती आता त्यांना बाटलीत भरून हवी होती. हे मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. पण मला बरं वाटलं. सरांना माझी गरज आहे, आता सर मला नापास करणार नाहीत, एवढंच डोक्यात. पिशवी छातीशी धरून मी एस.टी.त बसले. खड्ड्यात गाडी आदळली की बाटल्या वाजायच्या आणि माझा जीव वरखाली व्हायचा.

अकोल्यात जुन्या शहराच्या कडेला, मोर्णा नदीच्या काठावर आमची वस्ती. माय नुकतीच जिनातून आलेली, केसांत रुई तशीच. मी बाटल्या चुलीपुढे मांडल्या.

"हे काय आनलं वं? खोकल्याचं औषध?"

"नाही माय. यात थुंकी पाहिजे. तुही, शेजारच्यायची, साऱ्यायची. आमच्या सरले पाहिजे."

माय दोन पावलं मागे सरली. तिनं पदर तोंडावर घेतला. तिच्या डोळ्यांत मी खरीखुरी भीती पाहिली, भूत दिसावं तशी.

"थुंकी, केस, नखं कोनाच्या हाती द्याची नसतात. करनी करतात त्याच्यावर. मानूस वाळत जाते."

मी हसले. शिकलेली ना मी! म्हणाले, "माय, तू नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आली. सारे देव मोर्णेत सोडले. अन करणी मानतं अजून?"

"देव सोडले म्या," माय म्हणाली. "पन करनी करनाऱ्यायनं मले कुठी सोडलं?"

मी तिला समजावत बसले. लाळ म्हणजे काय, पीठ म्हणजे काय, आयोडिन म्हणजे काय. ती ऐकत होती. पदर मात्र तोंडावरून हलला नाही.

"मंग त्या थुंकीचं काय करतीन?"

"तपासतीन."

"अन मंग?"

"मंग छापतीन. मोठमोठ्या लोकायच्या पुस्तकात."

"काय छापतीन?"

मी सांगायला तोंड उघडलं. "का आपल्या लोकायची लाळ..." आणि अडकले. सरांच्या खोलीत हे वाक्य माझ्या कानावरून गेलं होतं. आता ते माझ्याच तोंडून, मायच्या पुढ्यात, आमच्या बोलीत यायचं होतं. जड झालं. "का आपल्या लोकायची लाळ कमी परतीची असते."

माय चुलीपुढे बसली. मग चुलीत काडी सारत म्हणाली, "मंग करनीच हाय ना ते."

माझं हसू गेलं.

करणीनं माणूस वाळत नाही, हे मी तेव्हाही जाणत होते आणि आजही जाणते. माय चुकत होती. पण छापलेल्या ओळीनं माणसं वाळतात. पूर्वी आमच्या थुंकीनं रस्ता बाटायचा, तेही कोणीतरी लिहूनच ठेवलेलं होतं. आता आमच्या थुंकीत खोट आहे असं लिहिलं जाणार होतं. आणि ते लिहायला लागणारा माल मी घरोघर फिरून गोळा करणार होते. आपल्याच माणसांची तोंडं उघडायला लावून!

बाटल्या रिकाम्याच परत नेल्या.

सरांना खरं सांगायची हिंमत झाली नाही. म्हणाले, "लोक देत नाहीत, सर. घाबरतात." सर हसले. "अंधश्रद्धा. दुसरं काय! पण तू तर शिकलेली आहेस. तुझी चालेल."

त्याच दुपारी पुण्याहून एक पाहुणे आले. मोठे डॉक्टर. सरांचा प्रबंध त्यांच्याच हातून जायचा होता. वर्ग भरलेला होता. सरांनी मला पुढच्या टेबलापाशी उभं केलं आणि पाहुण्यांना म्हणाले, "ही त्या समाजातली. आमच्याकडची पहिलीच." बाजारात बैल दाखवतात तसं.

मग नळी माझ्या हातात दिली. "थुंक."

माझ्या तोंडात थेंब नव्हता. माणूस भ्यालं की तोंडचं पाणी पळालं म्हणतात. माझं खरोखरच पळालं होतं. जीभ टाळूला चिकटली. मी गाल आत ओढले, जीभ फिरवली, पुन्हा नळी ओठांना लावली. काही नाही. नळी दातांवर टकटक वाजत होती. सगळ्या वर्गाला ऐकू जात होतं.

"थुंक ना," सर म्हणाले. पाहुण्यांपुढे त्यांची पंचाईत झाली होती. "एरवी रस्त्याने थुंकत जाता तेव्हा बरी येते!"

वर्ग हसला. कुमुदही हसली. पाहुणेही हसले आणि म्हणाले, "अहो, घाबरली आहे ती. चिंच मागवा."

कॉलेजच्या फाटकाबाहेर चिंचा-बोरं विकायला एक बाई बसायची. शिपाई तिच्याकडून चिंच घेऊन आला. पाहुण्यांनी चिंचेचं बोटूक सोललं, देठाला धरलं आणि माझ्या नाकापुढे हलवू लागले. इकडून तिकडे. तिकडून इकडे. "बघ, बघ. सुटतंय का पाणी?"

आणि सुटलं.

ते मी विसरू शकत नाही. मी मनात नको नको म्हणत होते आणि जिभेखालून पाणी सुटत होतं. कानशिलाखाली कळ आली. तोंड भरलं. माझंच तोंड, आणि ऐकत होतं त्यांचं. सरांनी माझा हात मनगटाशी न धरता, नळीलाच खालून बोट लावून ती माझ्या ओठांपर्यंत नेली. शिवले नाहीत. त्या घाईतसुद्धा शिवले नाहीत.

"हं," सर म्हणाले.

मी गिळलं.

घोट मोठा होता. घशाचा आवाज झाला. आवंढे मी आयुष्यभर गिळत आले होते, कोणी बोललं की गिळायचा, कोणी हसलं की गिळायचा. पण हा मी माझ्या मनानं गिळला. माझं होतं ते मी ठेवून घेतलं.

"अगं! गिळलीस?"

मी नळी टेबलावर ठेवली. बोलले ते घोकलेलं नव्हतं. म्हणून ते घरच्या बोलीत आलं. "मी देत नाही, सर. काय लिहायचं ते तुमी आधीच ठरवून ठेवलं. मंग माही थुंकी कायले पाहिजे?"

कोणी हसलं नाही. पाहुणे हातातली चिंच कुठे ठेवावी ते शोधत होते. सरांचा आवाज तेव्हाही चढला नाही. "नीट विचार कर," ते म्हणाले. "परीक्षा जवळ आली आहे."

"केला," मी म्हणाले.

शूरपणा वगैरे काही नव्हता. टेबलाची कड सोडली असती तर मी खाली बसले असते. इथेच, सगळ्यांसमोर लघवी होते की काय, एवढं एकच भय मनात होतं. कशीबशी दारापर्यंत गेले. व्हरांड्यात भिंतीला धरून धरून चालले. मागून कोणी आलं नाही.

निकाल लागला. बाकी सगळ्यात पास. प्रॅक्टिकलमध्ये नापास.

घरी सांगितलं तेव्हा मायनं कपाळावर हात मारून घेतला. "येवढीशी थुंकी दिली असती तं काय झालं असतं वं? जाय. त्याईचे पाय धर. माफी माग."

"तूच म्हणाली होती ना, द्याची नसते म्हणून?"

"मी अडानी!" माय किंचाळली. तिला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर हळूच म्हणाली, "मी अडानी हाय. माहं कायले आयकलं तू?"

सरांच्या खोलीत मी जितकी भ्याले नव्हते तितकी तेव्हा भ्याले. मायच्या अंगावरची रुई मला दिसत होती. माझ्या एका घोटाची किंमत ती तिच्या छातीनं देणार होती. पाय धरले असते तर सुटली असती. मला वाटलंसुद्धा, जावं. मग वाटलं, आज मी धरले तर उद्या वस्तीतली दुसरी पोर येईल, तिला तिथे हेच पाय दाखवतील. तिच्या आधीची म्हणून माझं नाव सांगतील.

"पाय नाही धरत, माय," मी म्हणाले. "परीक्षेले अजून बसतो."

सवलत गेली होती. सकाळ-संध्याकाळ मीही जिनात गेले, मायच्या शेजारी बसले, त्याच ढिगात. आणि पुन्हा परीक्षेला बसले. टेबलापलीकडे सरच होते. चष्मा पुसत म्हणाले, "आता तरी शहाणी झालीस का?"

"नाही, सर."

लोक विचारतात, गिळलंस त्या दिवशी तुझी भीती गेली असेल ना? नाही गेली. आजही मोठ्या टेबलामागे बसलेला माणूस मऊ आवाजात बोलायला लागला की माझ्या तोंडाला कोरड पडते. ती जायची वाट मी पाहत नाही. भीती गेली की बोलू, असं म्हणत आमच्या किती पिढ्या मुक्यानं मातीत गेल्या. माझ्या अंगाचं, माझ्या माणसांचं मोल आधी ठरवून मग मोजायला जो कोणी येईल, त्याला मी नाही म्हणणार. भीतभीत म्हणणार, कापत म्हणणार. पण त्याच्या तोंडावर म्हणणार.