पासवर्डातलं नाव

कोकणातल्या गाडीत समोरच्या बाकावरच्या मुलीच्या फोनची रेंज गेली होती. नोकरीसाठी मागितलेली फाइल तिला लॅपटॉपवरून तातडीने पाठवायची होती आणि पुढे लांब बोगदा होता. तिच्या शेजारचे पिकल्या केसांचे गृहस्थ म्हणाले, "माझ्या फोनचं इंटरनेट घे, बाळ." त्यांनी हॉटस्पॉट सुरू केला. तिने पासवर्ड विचारला, तेव्हा मात्र ते पलीकडे बसलेल्या बायकोकडे पाहू लागले.

"सांगा ना काका, बोगदा येईल."

"मालती," ते हळूच म्हणाले. "पुढे एक दोन तीन."

"इश्श!" बायको म्हणाली. "घरी 'अगं'च्या पुढे गाडी जात नाही ह्यांची."

पासवर्ड म्हणून माणसं काय काय निवडत असतील? तो कोणाला सांगायचा नसतो. त्यामुळे आजवर बोलून न दाखवलेलं बरंच काही तिथे सुखरूप राहत असावं, आणि बोटं ते रोज बिनदिक्कत लिहीत असावीत.

फाइल गेली आणि लगेच बोगदा आला. त्या धडधडाटात मालतीबाई म्हणाल्या, "अहो, परत सांगा. तिला नीट ऐकू आलं नसेल."

"काकू, फाइल गेली माझी."

"असू दे गं. सांगू दे त्यांना."