न उठणारी म्हैस

आमच्या साडूला हाक मारली आणि तो लगेच आला, असं अंबरनाथ ते बदलापूर या पट्ट्यात कोणीही छातीवर हात ठेवून सांगणार नाही. जेवायला बोलवा, "आलो, आलो." दारात रिक्षा उभी, "आलो, आलो." स्वतःच्या लग्नात अंतरपाट धरून भटजींचे हात भरून आले, तरी हा आतल्या खोलीतून "आलो, आलो"च म्हणत होता. पुढे उल्हासनगरच्या एका सिंधी भागीदाराबरोबर त्याने अंबरनाथला गेम बनवायची कंपनी काढली आणि टमटम चालवायचा गेम केला. तो उघडायला फार वेळ लागायचा. तोवर पडद्यावर काय दाखवायचं, असा प्रश्न आला, तर तिथेही त्याने "आलो, आलो" लिहून टाकलं.

गेम ज्या यंत्रणेवर चालतो, तिला त्या धंद्यात इंजिन म्हणतात. ते साडूने स्वतः लिहिलेलं, आणि मुद्दाम उघडं ठेवलेलं. खेळणाऱ्याने त्यात आपली गल्ली, आपलं देऊळ, आपला स्पीडब्रेकर घालावा. लोकांनी घातलेही. शहाडच्या एका बाईंनी आपल्या सोसायटीचे चेअरमन घातले, बरोब्बर रस्त्याच्या मधोमध. चामटोलीच्या एका काकांनी आपली विकून टाकलेली म्हैस घातली. इंजिनातल्या कुठल्याशा चुकीमुळे ती रस्त्यात बसली की कितीही हॉर्न वाजवा, उठायची नाही. साडू ओशाळून चूक काढायला निघाला, तर काकांचा फोन. "दादा, हात नका लावू. आमची म्हस अशीच होती." तेव्हापासून साडू इंजिनाच्या प्रत्येक चुकीला "स्वभाव" म्हणू लागला.

पण नव्या फोनांवर इंजिन धापा टाकायला लागलं. भागीदार रोज दाल-पकवान घेऊन यायचा आणि तेच बोलायचा.

"साईं, बदली कर ना. नवीन तयार मिळतंय. गेम उघडलाच नाही तर शटर पाडायला लागेल. इथले लोक कुठे जातील?"

"आणि लोकांच्या गल्ल्या कुठे जातील? नव्यात त्यातली एकही चालणार नाही."

"गल्ली काय, परत बनवतील."

"चेअरमनपण बनवतील रे. म्हैस?"

हा वाद इतके महिने चालला, की ऐकून ऐकून मी थकलो. वास्तविक माझा त्यात संबंध दाल-पकवानापुरताच होता.

शेवटी साडूच दमला. "बदला," एवढंच म्हणाला. नव्या इंजिनात त्याने सगळ्यात आधी ती म्हैस स्वतःच्या हाताने केली. पण तिथे ती चूक होतच नव्हती. पहिल्या हॉर्नला म्हैस उठून बाजूला.

"शिकलेली दिसते," मी म्हटलं. तो हसला नाही.

बरेच दिवस खपून त्याने तिला न उठायला शिकवलं आणि काकांना दाखवायला चामटोलीला गेला, सोबत मला घेऊन. काकांनी फोन हातात घेऊन अंगठ्याने बराच वेळ हॉर्न दाबला. म्हैस ढिम्म. मग त्यांनी आत चहा सांगितला, आणि हळूच म्हणाले, "बसते, बसते. पण मनातून नाय बसत."

"खरंय, काका," साडू म्हणाला.

गेम आता झटक्यात उघडतो, त्यामुळे पडद्यावरचं "आलो, आलो" गेलं. कंपनी चालू आहे, सगळे कामावर आहेत, भागीदार खूश आहे. परवा साडूकडे जेवायला गेलो होतो. मेहुणीने नेहमीच्या हिशेबाने बरीच आधी हाक मारून ठेवली, आणि साडू पहिल्या हाकेला मुकाट्याने येऊन पाटावर बसला. ती हातातलं रिकामं ताट तसंच धरून त्याच्याकडे बघत राहिली. कुकरची अजून शिट्टीही झाली नव्हती.