उंबऱ्याजवळची फरशी

जुन्या फरशा उखडायचं काम करायची म्हणून तिला सगळे फोडमावशी म्हणत. खरं तर तिच्या हातून एक फरशी फुटेल तर शपथ! पण मनगट मोडलं आणि मावशी सहा महिने घरी बसली. आज पहिल्यांदा छिन्नी-हातोडा घेऊन निघाली, तर सुनेने बजावलं, "जमलं तर ठीक, नाहीतर उद्यापासून अवजारं माळ्यावर." सून वाईट नाही हो, काळजीपोटीच बोलली. पण जिव्हारी लागलंच.

काम शिक्षिकाबाईंच्या स्वयंपाकघरातलं. विटेच्या जुन्या फरशा काढायच्या, त्याही अख्ख्या, कारण मागच्या अंगणात त्यांची वाट करायची होती.

मावशीने मधल्या फरशीला हात घातला. तुकडे! दुसरी, तेच. चौथीला मनगटातून अशी कळ गेली की डोळ्यांत पाणीच आलं. मावशी मनातून घाबरली, आणि घाबरली की तिचं तोंड सुटतं.

"कुठल्या गाढवाने घातलीय ही? सिमेंट काय फुकटात आलं होतं मेल्याला?"

शिक्षिकाबाई दारात हसू दाबत उभ्या होत्या. "अगं, तुझ्याच नवऱ्याने घातलीय. आणि सिमेंट कालवायला तू होतीस, नवी नवरी!"

मावशीने कपाळावर हात मारला. आठवलं की! नवऱ्यासमोर मिरवायच्या हौसेने तिनेच दुप्पट सिमेंट ओतलं होतं. "आता ही फरशी आपल्याबरोबरच जाणार," असं म्हणून तो किती हसला होता. गेला मात्र एकटाच, तीन वर्षांपूर्वी.

डोळे पुसता पुसता तिला त्याची खोड आठवली. उंबऱ्याजवळची शेवटची फरशी तो नुसत्या वाळूवर बसवायचा. म्हणायचा, "उद्या कुणीतरी काढायला येणारच. त्या बिचाऱ्याला आत शिरायला जागा नको?"

मावशी गुडघ्यांवर सरकत उंबऱ्याशी गेली. छिन्नीचं टोक फटीत घालून जरासं दाबलं. फरशी अलगद वर आली, अख्खी! खाली कोरडी वाळू. आता शेजारच्या फरशीखाली छिन्नी आडवी सरकवता येत होती. जोर नको, हलक्या हाताने टकटक पुरे. संध्याकाळपर्यंत अंगणात अख्ख्या फरशांची थप्पी लागली. मनगट ठणकत होतं, पण मावशी गुणगुणत घरी गेली.

नवी फरशी घालायचं कामही तिलाच मिळालं. या वेळी सिमेंट कालवायला सून आली. सासूसमोर मिरवायचं म्हणून तिने अख्खी पाटीच ओतायला उचलली.

"बास गं बाई, बास!" मावशी ओरडली. "आणि ती वाळू आण इकडे. उंबऱ्याजवळची एक राहिलीय."