पांढऱ्या भिंतीफुडची म्हस

शाळंची पायरी मी फक्त मतदानाला चढतो. त्यामुळं माणसाचा डोळा आतनं कसा चालतो ह्यातलं मला काय कळत न्हाय. एवढंच कळतंय की माझ्या डोळ्यांनी माझ्या बायकोला दिवाळीच्या पाडव्यादिवशी माहेरची पिशवी भरायला लावलीती.

आमची म्हस सासऱ्यांनी दिल्याली. सासरं कोडोलीचं. पोरगं झालं तवा नातवाला घरचं दूध मिळावं म्हणून त्यांनी एक रेडी धाडली. तवा शिंगं बोटाएवढी आनि रंग भुरा, चुलीतल्या राखंसारखा. फुडं ती व्याली, दूध द्याय लागली, पण रंग तसाच ऱ्हायला. आता आमच्या कोल्हापुरात पाडव्याला म्हशी नटवून, शिंगं रंगवून गल्लीगल्लीतनं फिरवायची रीत हाय. मालक मोटारसायकलवर फुडं आनि म्हस मागं पळत. त्यादिवशी मालकाचं कापड कोण बघत न्हाय, सगळी म्हशीचा रंग बघत्यात. काळीकुळकुळीत पायजे. आनि माझी राख.

म्हणून वरीसभर तिला तेल चोळलं. माझ्या डोक्याला जेवढं मिळालं न्हाय तेवढं तिच्या पाठीला मिळालं. म्हस काय काळी हुईना. मग दिवाळी आली, बायको म्हणाली गोठ्याच्या भिंतीला चुना मारा. मारला. सांजला धार काढून म्हस भिंतीफुडं बांधली आनि बघतोय तर काय, काजळ. मागची भिंत पांढरीफेक झालीया म्हणून म्हस काळी दिसाय लागलीया, हे माझ्या टाळक्यात आलं न्हाय. मला वाटलं तेलाला गुण आला.

गल्लीभर सांगत सुटलो. शेजारी मला तेल कुठलं ते इचारून गेला, मी बी डॉक्टरवानी सांगितलं, रोज दोन येळा, उलट्या केसानं. मग मोबाईलवर फोटो काढला. फोटोत तर ती आनिकच काळी आली. तो सासऱ्यांना धाडला आनि त्याखाली आवाज भरून धाडला, मामा, तुमची राख हुती, मी काजळ केलं.

लगेच फोन आला.

"जावईबापू, ही माझी म्हस न्हवं."

मला वाटलं कौतुक चाललंय. मी म्हटलं, मामा, सगळी असंच म्हणत्यात.

"भुरी म्हस मरूस्तवर भुरीच ऱ्हाती. तुम्ही माझी इकली आनि दुसरी बांधली. नातवाच्या तोंडचं दूध इकलं तुम्ही."

मग म्हणाले, पाडव्याला येतोय. माझी म्हस दाखवा, न्हायतर लेक आनि नातू घिऊन जातो. बायकोनं फोन हिसकावून घिऊन शपथा घातल्या, तर त्यांनी तिला सांगितलं की तू नवऱ्याचीच बाजू घेणार. तिनं फोन ठिवला आनि माझ्याकडं बघून म्हणाली, "अवो, राख काय चावत हुती तुमास्नी?"

पाडव्याला सासरं आलं. पाणी बी घेतलं न्हाय, थेट गोठ्यात. मी सकाळीच म्हशीला धुऊन, केस तासून परत तेल चोळून ठिवल्यालं. जिच्या काळंपणावरनं संसार मोडायची येळ आलीया तिलाच आनि काळी करायची, ही अक्कल माझ्याकडंच घावंल. त्यांनी म्हशीभवती फेरा मारला, भिंतीकडं न बघता लेकीला म्हणाले, "पिशवी भर."

तेवढ्यात भाईरनं शेजाऱ्यानं हाक मारली, आण की लेका तुझं काजळ. त्याची म्हस नटून रस्त्यावर उभी. मी म्हटलं चला, मामांना उजेडात तरी दाखवू, म्हणून आमची सोडली आनि त्याच्या म्हशीशेजारी नेऊन उभी केली.

शेजाऱ्याची म्हस खरीच काळी हुती. तिच्या बाजूला आमची माझ्या डोळ्यादेखत राख झाली.

मग कुणीतरी इचारलं, तेल उतरलं काय रं. आनि जी हासली सगळी, म्हशी बी बिचकल्या. शेजारी तर त्यानं आणल्याल्या तेलाचं पैसं माझ्याकडं मागाय लागला. मला मोरीत जाऊन बसावं वाटलं. पण सासरं फुडं आलं. म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवला. मग मला म्हणाले, हिला परत भिंतीकडं घ्या. घेतली, काळी. हिकडं आणा. आणली, भुरी. असं त्यांचं मन भरूस्तवर मला हेलपाटं घालाय लावलं. मागं मोटारसायकली हॉर्न मारत तटल्याल्या.

शेवटी म्हणाले, "माझीच हाय."

बायकोनं पिशवी तिथंच उंबऱ्यावर पालथी केली. माझा जीव भांड्यात पडला आनि लगेच अक्कल परत चालाय लागली. म्हटलं मामा, आपण सगळ्यांच्या मागनं, एकटीच फिरवू. एकटी असली की हिचा रंग बरा दिसतोय.

"आजाबात न्हाय. त्या काळीच्या शेजारीच पळवायची. सगळ्यांस्नी कळू दे."

आनि माझ्या गाडीवर माझ्या पाठीला पाठ लावून उलटं बसलं, म्हस नजरंआड व्हायला नको म्हणून. मी गाडी काढली. काळी म्हस, तिच्या बाजूला आमची राख, आनि दर चौकात सासरं दोन्ही हात वर करून लोकांस्नी सांगायचं, "भुरीच हाय बघा. जावयानं इकल्याली न्हाय."

त्याआधी मी म्हस इकली असंल असं गावात कुणाच्या मनात बी आलं न्हवतं.