बँकेच्या पायरीवरची रोझरी

आमच्या वसईकडची बचत बँक बंद पडली, हे मला मस्कतच्या अझैबा भागातल्या ऑफिसात फोनवर कळलं. दारावरच्या दगडात एकोणिसाव्या शतकातलं साल कोरलेली बँक. कोळणींच्या आणि पानमळेवाल्यांच्या आण्यांवर उभी राहिली आणि संचालकांच्या जावयांना दिलेल्या कर्जांनी आडवी झाली. हे वाक्य माझंच; पुढे पत्रकात घातलं. मस्कतला येण्याआधी मी गावच्या पाण्याच्या आंदोलनाची पत्रकं लिहायचे, तो हात अजून गेला नव्हता.

कोर्टाने बँकेचा कारभार ताब्यात घ्यायला रिसिव्हर नेमला. त्याने आल्याआल्या ठेवी गोठवल्या आणि लॉकरांनाही सील ठोकलं. ठेवींचं एक वेळ समजू. पण लॉकरमधलं सोनं बँकेचं कधी झालं? घरमालकाचं दिवाळं निघालं म्हणून भाडेकरूची भांडीकुंडी कोणी जप्त करतं का?

त्यातल्या एका लॉकरमध्ये माझ्या मामेबहिणीच्या लग्नाचे दागिने होते. मामा मस्कतजवळच्या बरका गावात एका हॉटेलात आचारी. दर सुट्टीला मस्कतहून एखादा दागिना न्यायचा आणि बॅगा घरात टाकून आधी बँक गाठायचा. घरच्या कपाटाची भीती, बँकेची नाही. गल्फला गेलेल्या आमच्या सगळ्या माणसांची हीच समजूत: चोर येतो तो बाहेरून.

लग्न ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू व्हायच्या आत होणं भाग होतं. उपवासकाळात आमच्यात लग्नं लागत नाहीत, आणि ईस्टरनंतर करावं तर नवरामुलगा बोटीवर परत गेलेला असणार. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, मिस्सा संपल्यावर चर्चच्या पार्किंगमध्ये मामा मला म्हणाला, "खलास. लग्न पुढच्या वर्षावर ढकलतो. साहेब म्हणतात, लॉकरांची यादी होईपर्यंत काहीच उघडणार नाही."

"कुठला साहेब? तुझ्या दागिन्यांचा साहेब तू."

"हळू बोल, बाय. ही वसई नाही."

बरोबर होतं त्याचं. इथे पत्रक वाटायची सोय नव्हती. पण वसई तर वसईतच होती ना! मी त्याच रात्री पत्रक लिहिलं, चांगल्या दणदणीत घोषणा घातल्या आणि गावच्या झेरॉक्सवाल्याकडे फॅक्स केलं. दुसऱ्या दिवशी मामीला फोन लावला.

"वाचलं," मामी म्हणाली. "पण मुर्दाबाद वगैरे माझ्या तोंडून निघायचं नाही हां. मी मुलीची आई आहे. व्याही काय म्हणतील?"

"मग काय गप्प बसणार?"

"गप्प कोण बसतंय? रोझरी म्हणता येते मला."

मी कपाळाला हात लावला. मामीने मात्र वाडीतल्या बायकांना गोळा केलं. मे महिन्यात वाडीतल्या क्रूसाजवळ बायका माळ ओढत रोझरीची प्रार्थना म्हणतात, तशीच आता बँकेच्या पायरीवर लाकडी क्रूस ठेवून, मेणबत्त्या लावून संध्याकाळी सुरू केली. माझं पत्रक एकीने मेणबत्तीखाली मेण पडू नये म्हणून अंथरलं, असं मामीने मुद्दाम सांगितलं.

रिसिव्हरने पोलीस बोलावला. घोषणा देणाऱ्यांना त्याने गाडीत घातलं असतं. हात जोडून बसलेल्या बायकांचं काय करायचं? तो टोपी काढून बाजूला उभा राहिला. मग रिसिव्हर स्वतः बाहेर आला.

"मावशी, हे धार्मिक कार्य इथे चालणार नाही."

"आम्हाला कुठे हौस आहे? लॉकर उघड, आम्ही चर्चमध्ये म्हणू."

"नियम आहेत."

"आमचेही आहेत. मध्ये उठायचं नाही."

रोज बायका वाढत गेल्या. ज्यांचे लॉकर नव्हते, पण ठेवी होत्या, त्याही येऊन बसल्या. पायरी भरली, रस्ता भरला. शेवटी रिसिव्हरने साक्षीदार बसवून लॉकर एकेक करून उघडायला घेतले. मामीने दागिने तिथेच पदरात मोजून घेतले, चारचौघांसमोर.

मामा लग्नासाठी सुट्टीवर गावी निघाला तेव्हा मी त्याला बजावलं, ठेवी अजून अडकल्यात. "आता पुरे," तो म्हणाला. "आपलं काम झालं."

"तुझं झालं. कोळणींचं?"



लग्नाच्या आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला. वाजतगाजत विहिरीचं पाणी आणायची आमच्यात रीत आहे. फोनमधून बॅन्डचा इतका गोंगाट की मला काही कळेना.

"कुठे आहेस, मामा?"

"बँकेसमोर! विहिरीचा रस्ता इकडून नाही, पण बायका म्हणाल्या इथूनच. त्यांनी बॅन्ड इथेच उभा केलाय. ठेवींचं काय ते सांगा म्हणतात, पुढे जाऊच देत नाहीत!"

"आणि तू?"

"मी काय? मीच बॅन्डवाल्याला सांगितलं, अजून जोरात. रिसिव्हरने खिडकी लावून घेतली बघ!"

"हलू नका तिथून," मी ऑफिसात ओरडले. शेजारच्या टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. बघू देत.