बंद टाकीतलं सॅम्पल

मी केमिस्ट्रीची बाई. भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी सरळ उठून चहा टाकायला जाते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण सांगून टाकते.

जळगाव एमआयडीसीत वापरलेलं सॉल्व्हंट शुद्ध करणारा एक छोटा कारखाना आहे, तिथली लॅब मी सांभाळते. टाकी धुतली की शेवटच्या धुण्याचं सॅम्पल मी जीसीत — म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये — टोचते. काही उरलं असेल तर प्रत्येक सॉल्व्हंटचं टोक स्क्रीनवर वेगळं उठतं, कोणतं किती तेही कळतं. रेघ सपाट आली तरच माणूस गाळ काढायला आत उतरतो.

आबा आमचे जुने ऑपरेटर, चोपड्याकडचे. बाकीचे खालच्या व्हॉल्व्हमधून सॅम्पल घ्यायचे. आबा वर चढून, झाकण उघडून तळापर्यंत नळी सोडायचे. "ताई, बठ्ठं तयमा ऱ्हास," म्हणायचे. सगळं तळाशीच राहतं. आपली बाटली ओळखू यावी म्हणून तिच्या गळ्याला केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या सालीच्या पट्टीची, गाठ मारायचे. मागच्या उन्हाळ्यात एकदा घाईत, व्हॉल्व्हच्याच सॅम्पलवर ते पाच नंबरच्या टाकीत उतरले ते परत आलेच नाहीत. कागदावर हार्ट अटॅक लिहिला गेला आणि विषय संपला.

यंदा दिवाळीच्या तोंडावर तीच टाकी सफाईला निघाली. आत उतरणार होता प्रवीण, माझा धाकटा भाऊ.

व्हॉल्व्हचं सॅम्पल टोचलं, रेघ सपाट. फोनवर सुपरवायझरना "क्लिअर आहे" म्हणाले आणि सही करायला वळले, तर ट्रेमध्ये आणखी एक बाटली. गळ्याला सोपट... ओलं, हिरवट. कोणीतरी थट्टा करतंय म्हणून माझं डोकंच सणकलं. तरी टोचलं. टोल्युइन, झायलीन, थोडं ब्युटाइल ॲसिटेट. पाच नंबरचंच मिश्रण, त्याच प्रमाणात.

मी तशीच टाकीकडे पळत सुटले. प्रवीण झाकण उघडायला वर चढला होता.

"प्रवीण, आधी खाली ये."

"मॅडम, क्लिअर म्हणालात ना आत्ता?" सुपरवायझर वैतागले.

"झाकण उघडून तळातलं सॅम्पल द्या. तोवर माझा भाऊ आत जाणार नाही."

धुणं वरच्या पाइपातून होतं, त्यामुळे झाकण अजून बंदच होतं. बोल्ट इतके गंजलेले की पान्याला दाद देईनात. शेवटी झाकण सरकलं आणि असा भपकारा आला की सगळे मागे झाले. सॉल्व्हंट गाळात मुरून बसलं होतं. तळातलं सॅम्पल टोचलं, तर टोकं हुबेहूब त्या बाटलीसारखी.

मग बंद टाकीच्या तळातून ते आधीचं सॅम्पल काढलं कोणी? ट्रे आणणारा पोरांची शपथ घेऊन सांगतो — बाटली एकच होती.

प्रवीणने नोकरी सोडली. आई आबांच्या नावाने रोज दिवा लावते. ते सोपट माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, अजून वाळलेलं नाही. याचं कारण मला सापडलेलं नाही, आणि आता मी शोधतही नाही. एकच गोष्ट आत सलत राहते... आबा उतरले, त्या दिवशी ट्रेमध्ये दुसरी बाटली नव्हती.