बोटांनी आवळलेली क्लिप

"अक्का, स्वल्प लवकर करा. एकच ओळ लिहा. बाहेरचा फिल्टर लावलाय, वॉरंटी लागू नाही."

हरीश सर, आमचे सर्व्हिस मॅनेजर, माझ्या समोरच्या गाडीकडे न बघताच बोलत होते. मी म्हटलं, "सर, मी अजून बॉनेटसुद्धा उघडलेलं नाही."

"उघडायचं काय त्यात? सगळ्यांना माहितीये."

सगळ्यांना माहितीये! मग मला पगार कशाला देता? बेंगळूरमधल्या एका स्पोर्ट्स कारच्या वर्कशॉपमध्ये मी तपासणीचं काम करते. गाडी बिघडली तर दोष कंपनीचा की वापरणाऱ्याचा, हे बघून सांगायचं. आधी सांगून मग बघायचं, असं नाही.

गाडी मंदारची होती. पुण्याचा मुलगा, व्हाइटफील्डला नोकरी. गाडीचा टर्बो गेला होता. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा छोटा पंखा. तो महाग असतो. वॉरंटी नाकारली तर खर्च मंदारच्या डोक्यावर, आणि एकदा का कंपनीच्या सिस्टिममध्ये 'मॉडिफिकेशन' असा शिक्का पडला, की पुढे त्या इंजिनाला कुणी वाली नाही. तो बिचारा सकाळपासून लाउंजमध्ये बसून होता. "ताई, टर्बो माझ्या खिशातून करायचा तर गाडीच विकावी लागेल," एवढंच तो मला म्हणाला होता.

आता फिल्टरचं सांगते. इंजिन हवा ओढतं, त्या हवेतली धूळ अडवायला एअर फिल्टर. गाडीबरोबर येतो तो स्टॉक. घड्या घातलेला कागद, बंद डब्यात. मळला की बदलायचा. आफ्टरमार्केट म्हणजे दुसऱ्या कुणी बनवलेला. मंदारच्या गाडीत होता तो सुती जाळीचा, तेल लावलेला, नरसाळ्यासारखा, उघडाच बसणारा. हवा जास्त येते म्हणतात. येत असेल थोडी. आवाज मात्र नक्की जास्त येतो आणि पोरं त्यावरच भाळतात. आमच्या रस्त्यांवरच्या धुळीला कागदीच बरा, हे माझं मत. पण मला आवडत नाही म्हणून त्या फिल्टरला फासावर कसं चढवू?

टर्बो उघडला. पंख्याच्या पात्यांच्या कडा पॉलिश पेपरनं घासल्यासारख्या झिजलेल्या. म्हणजे धूळ आत गेली होती. इथवर हरीश सर बरोबर होते.

मग फिल्टरमागच्या पाइपमधून पांढरं फडकं फिरवलं. धूळ होती, पण एकाच बाजूला, जाड पट्टाच्या पट्टा. दुसरी बाजू स्वच्छ. फिल्टरमधून धूळ गळत असती तर ती सगळीकडे सारखी बसली असती. ही एका फटीतून येत होती. फिल्टर जिथे पाइपवर चढतो तिथे एक स्टीलची पट्टी असते, क्लिप. तिचा स्क्रू आवळला की फट बंद. मी फिल्टर धरून हलवला, तर तो पोराच्या पडायला आलेल्या दातासारखा हलला.

वाकून बघितलं. स्क्रूच्या खाचेत कुंकू. घट्ट भरून वाळलेलं. तिथे स्क्रूड्रायव्हर लागला असता तर ते निघालं असतं. म्हणजे कुंकू लागल्यापासून त्या स्क्रूला कुणी हातच लावला नव्हता.

मी लाउंजमध्ये गेले. "मंदार, हा फिल्टर कुठे बसवलास? इंदिरानगरच्या एखाद्या दुकानात?"

"नाही ताई, इथेच. आयुधपूजेच्या दिवशी. तुमचीच ऑफर होती ना?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या!

आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा. वर्कशॉपमधली सगळी हत्यारं धुऊन, फुलं वाहून पूजेला मांडतात. एकदा मांडली की त्या दिवशी हात लावायचा नाही. आणि नेमकी त्याच दिवशी हरीश सरांनी ऑफर काढली: गाडी पूजेला आणा, आमच्या काउंटरवरून फिल्टर घ्या, बसवून फुकट देऊ. मी त्या दिवशी घरच्या पूजेत होते. म्हणून रुद्रप्पा अण्णांना, आमच्या सगळ्यात जुन्या मेकॅनिकना, विचारलं.

"मी नाही म्हटलं, अक्का. पूजेतलं हत्यार कसं उचलू? मग काउंटरवाल्यांनीच फिल्टर हातानं चढवले. बोटांनी फिरेल तेवढा स्क्रू फिरवला. वर पूजेचं कुंकू लावलं आणि सुट्टीनंतर आवळू म्हणाले."

"आणि?"

"कुणी बोलावलंच नाही गाड्यांना."

मी सरळ हरीश सरांच्या केबिनमध्ये. "सर, फिल्टर आपण विकला, आपण बसवला, आपणच ढिला ठेवला. आणि आता आपणच त्याला बाहेरचा म्हणतो? चोराच्या उलट्या बोंबा झाल्या की हो या!"

"हळू, अक्का, हळू. सरी, बरं, झालं ते झालं. आता आवळून टाका ना क्लिप. कोण बघणार?"

"कोण बघणार? मी बघितलंय!"

ते खुर्चीत मागे रेलले. "तो तुमच्यासारखाच मराठी आहे म्हणून चाललंय का हे?"

हे मात्र फार झालं. "सर, आमच्या कितीतरी पिढ्या या गावात गेल्या. तुमचं शोरूम परवाचं. आणि ढिल्या क्लिपला भाषा नसते."

मी मंदारला आत बोलावलं, गाडीपाशी नेलं आणि हरीश सरांच्या देखत म्हटलं, "धर, हलव." त्यानं हलवलं. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सरांकडे.

"म्हणजे माझी चूक नाही?"

"आवाजाच्या नादानं चांगला फिल्टर काढू दिलास, तेवढी आहे. टर्बोची नाही."

रिपोर्टमध्ये मी लिहिलं ते असं: धूळ जोडातून गेली, जोड वर्कशॉपनं ढिला ठेवला. कंपनीनं वॉरंटी दिली नाही, आणि ते रास्तच होतं. दोष कंपनीचा नव्हताच. पण 'मॉडिफिकेशन'चा शिक्काही पडला नाही. नवा टर्बो शोरूमला स्वतःच्या खर्चानं बसवावा लागला. कागदी फिल्टर मंदारनं आपणहून परत मागितला.

पण त्या दिवशी ऑफर घेतलेल्या बाकी गाड्यांचं काय? मी सरांच्या मागेच लागले. सगळ्यांना बोलवा, नाहीतर मी कंपनीला कळवते. शेवटी बोलावलं. कसं? दारात फुगे लावले, बोर्ड लावला: 'आमच्या खास ग्राहकांसाठी मोफत तपासणी शिबिर'. लोक आले, कॉफी प्यायले. आत एकेका गाडीची क्लिप आम्ही आवळत होतो, कुंकू खरवडून. बाहेर लोक हरीश सरांचा हात हातात घेऊन थँक्यू म्हणत होते. हेड ऑफिसनं त्यांचं कौतुकही केलं.

तेव्हा फिल्टर स्टॉक घ्या नाहीतर आफ्टरमार्केट, बसवून झाला की स्वतः धरून हलवून बघा. आणि कुणी फुकट तपासणीला बोलावलं, तर आधी विचारा, तुम्ही काय बिघडवून ठेवलंय?